पिशवी काढली की सुटका?

आईला 48वं लागलं आणि तिच्या पाळीचं गणित बिघडलं. कधी दोन महिने पत्ता नाही, तर कधी दहा दहा दिवस थांबायचं नाव नाही. अंबरनाथहून सकाळची लोकल पकडली की लेडीज डब्यात अचानक अंगातून गरम वाफा निघायच्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "घाण रक्त आत साचतंय, तेच डोक्यात चढतंय." एका डॉक्टरांनी तर सोनोग्राफीही न करता सांगून टाकलं, "पिशवी काढून टाका. नाहीतरी आता तिचा काय उपयोग?"

आई जवळजवळ तयार झाली होती. त्याच रात्री बीडच्या मावशीचा फोन आला. मावशी ऊसतोडीला जायची. तिची पिशवी तिशीतच काढलेली. ती एवढंच म्हणाली, "ताई, घाई करू नको. माझी काढली तव्हापासून कंबर धरलीय ती सुटंना."

मग मी वाचायला बसले.

काकूंची समजूत निघाली फार जुनी, आणि फक्त आपली नव्हे. 'मेनोपॉज' हा शब्द 1821 साली चार्ल्स द गार्दान या फ्रेंच डॉक्टरने रूढ केला. त्या काळी युरोपातल्या डॉक्टरांनाही वाटायचं, की बाहेर न पडलेलं रक्त शरीरात साचून त्रास देतं. म्हणून ते बाईला जळवा लावायचे! खरं तर पाळीत गर्भाशयाचं अस्तर बाहेर पडतं. अस्तर तयार होणंच थांबलं, तर साचणार काय? त्यांच्या कितीतरी आधी सुश्रुतसंहितेने साधेपणाने लिहून ठेवलंय: पाळी बाराव्या वर्षाच्या सुमारास येते आणि पन्नाशीला, शरीर पिकलं की, जाते. तिथे हा आजार नाही, वय आहे.

विसाव्या शतकात गैरसमजाने कूस बदलली. 1966 साली रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरचं 'फेमिनाइन फॉरेव्हर' हे पुस्तक गाजलं. मेनोपॉज म्हणजे कमतरतेचा रोग, इस्ट्रोजेनची गोळी घ्या आणि तरुण राहा, असा त्याचा सूर. त्याला औषध कंपन्यांचा पैसा मिळत होता, हे नंतर उघड झालं. 1975 मध्ये नुसत्या इस्ट्रोजेनचा गर्भाशयाच्या कॅन्सरशी संबंध दिसला. 2002 मध्ये अमेरिकेतली एक मोठी चाचणी मध्येच थांबवली गेली आणि जगभर बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या. पण त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय होतं 63. पाळी नुकतीच गेलेल्या, साठीच्या आतल्या बऱ्याच जणींसाठी हा धोका कमी असतो, हे पुढे स्पष्ट झालं. म्हणजे 'गोळी अमृत' हेही खोटं आणि 'गोळी विष' हेही.

आपल्याकडे मात्र गोष्ट गोळीवर थांबली नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक खाडा पडला की दंड. अशात पाळी म्हणजे नुकसान. त्यात 'मुलं झाली, आता पिशवीत कॅन्सर होईल' अशी भीती घातली जायची. 2019 मध्ये बातम्या आल्या आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहातली एक.

इथेच सगळ्यात महाग पडणारा गैरसमज आहे. पिशवी काढली की पाळी थांबते, पण मेनोपॉज ठरतो तो बीजांडकोशांवर. पिशवीबरोबर तेही काढले तर मेनोपॉज एका रात्रीत येतो. तिशीत आला तर हाडं आणि हृदय दोन्हींना धोका. बीजांडकोश ठेवले, तरी तो लवकर येऊ शकतो. मावशीने सुटका विकत घेतली होती, मिळालं अकाली म्हातारपण.

आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. लहानशा गाठी निघाल्या. औषधांनी रक्तस्राव आटोक्यात आला. पिशवी जागेवर आहे.

त्या डॉक्टरांनी जाताना तीन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हीही आईला, काकूला, मावशीला सांगा. सलग 12 महिने पाळी आली नाही, तरच ती गेली असं म्हणायचं. तोपर्यंत दिवस राहू शकतात. आणि त्या 12 महिन्यांनंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी 'या वयात होतंच' म्हणून घरी बसायचं नाही, तपासून घ्यायचं. काही जणींना ऑपरेशन खरंच लागतं, पण ते कारण कळल्यावर.

मी हे मावशीला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे तव्हा कुणी सांगितलं असतं तर."

आता तिच्या सुनेचा नंबर माझ्याकडे आहे.