सुट्टीला आलेले विद्यार्थी

३० जानेवारी २०२० रोजी भारतात कोरोनाचा पहिला रुग्ण नोंदवला गेला. वुहानमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी, केरळात घरी परतलेली ती विद्यार्थिनी होती. पुढचे दोन रुग्णही तिथूनच परतलेले विद्यार्थी. साथीच्या इतिहासात या मुलांची नोंद तेवढीच राहील की काय, अशी मला भीती वाटते. त्यांच्यासारख्या हजारोंना गाठले ते आजाराने नव्हे, बंद दारांनी.

डॉक्टर आणि चीन म्हटले की आपल्याला सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते १९३८ मध्ये तिथे जखमींवर उपचार करायला गेले. अलीकडची मुले गेली ती डॉक्टर होण्यासाठी. इथल्या खासगी महाविद्यालयांपेक्षा तिथले शुल्क परवडते म्हणून. साथ आली तेव्हा सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी चिनी विद्यापीठांच्या पटावर होते, बहुतेक वैद्यकीयचे.

२३ जानेवारीला वुहान बंद झाले. फेब्रुवारीच्या पहिल्या दोन दिवसांत एअर इंडियाच्या दोन विमानांनी सुमारे साडेसहाशे भारतीयांना आणले. गाजली ती ही सुटका. पण पुष्कळ जण आधीच चिनी नववर्षाच्या सुट्टीला घरी आले होते. २८ मार्चला चीनने परदेशी नागरिकांचा प्रवेश थांबवला आणि त्यांची सुट्टी अडीच वर्षे लांबली.

तास ऑनलाइन सुरू झाले. चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तिथला सकाळी आठचा तास इथे पहाटे साडेपाचला. शवविच्छेदन पडद्यावर पाहायचे. रुग्णाची नाडी मात्र पडद्यावर हाती लागत नाही.

केवळ ऑनलाइन झालेले वैद्यकीय शिक्षण मान्य नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बजावले. मला हा नियम चुकीचा वाटत नाही. रुग्ण म्हणून आपणही हेच म्हणू. पण दार लावले एका देशाने आणि दुसऱ्याने जाब विचारला तो विद्यार्थ्याला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२२ च्या निकालानंतर जुलैत आयोगाने एकदाच म्हणून सवलत दिली: ३० जूनपर्यंत शिक्षण पूर्ण झालेल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना पात्रता परीक्षेला बसता येईल, पण उत्तीर्ण झाल्यावर आंतरवासिता एकाऐवजी दोन वर्षे.

२०१९ च्या सप्टेंबरात प्रवेश घेतलेल्यांना तिचा उपयोग नव्हता. त्यांनी प्रत्यक्ष वर्ग पाहिला होता एका सत्रापुरता. ऑगस्ट २०२२ मध्ये चीनने विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा देऊ केला, तेव्हा थेट विमानेही नव्हती. जे परतले ते वळसा घालून, महाग तिकिटे काढून, पोहोचल्यावर विलगीकरणात राहून. निघताना ती मुले पहिल्या वर्षात होती. आता बसायचे होते चौथ्या वर्षाच्या वर्गात.