प्रिओरात : काळ्या पाटीच्या दगडावरील मद्याचा इतिहास

स्पेनच्या ईशान्येस कातालोनियातील तारागोना जिल्ह्यात प्रिओरात हा लहानसा डोंगराळ प्रदेश आहे. येथील लाल वाइन गडद रंगाची, जड आणि तीव्र असते. तेथील नियमानुसार लाल वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण किमान १३.५ टक्के असावे लागते. या वाइनच्या गुणांचे श्रेय बहुधा जमिनीला दिले जाते. ते अयोग्य नाही, परंतु अपुरे आहे. प्रस्तुत लेखात या वाइनमागील सामाजिक इतिहासाचा विचार केला आहे.

येथील जमिनीला 'यिकोरेया' म्हणतात. अभ्रकाच्या कणांमुळे चकाकणारा हा काळसर पाटीचा दगड हाताने मोडावा इतका थरांचा असतो. त्यात सेंद्रिय द्रव्य फारसे नसते. पाण्याच्या शोधात वेलींची मुळे भेगांतून खोलवर उतरतात. वेलीला द्राक्षे थोडी लागतात. पण जी लागतात, त्यांत रस घट्ट उतरतो. उत्तरेकडील मोन्सान्त पर्वतामुळे थंड वारे अडतात. उतार इतके तीव्र, की अनेक मळ्यांत आजही खेचराशिवाय नांगरणी होत नाही.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात आरागॉनच्या राजाच्या आश्रयाने कार्थुसिअन पंथाच्या भिक्षूंनी येथे मठ स्थापन केला. देवदूत शिडीवरून स्वर्गात चढताना एका मेंढपाळाने पाहिले, अशी आख्यायिका सांगितली जाते. त्यावरून मठाला 'एस्कालादेई', म्हणजे देवाची शिडी, हे नाव मिळाले. मठप्रमुखास 'प्रिओर' म्हणत आणि त्याच्या अंमलाखालील गावे ती 'प्रिओरात'. पोरेरा, ग्रातायोप्स, तोरोजा, पोबोलेदा ही त्यांपैकीच. भिक्षूंनी द्राक्षशेतीस चालना दिली, हे सर्वत्र सांगितले जाते. परंतु प्रिओर हा केवळ धर्मगुरू नव्हता, तो जमीनदारही होता. गावकऱ्यांना उत्पन्नातील वाटा मठास द्यावा लागे. १८३५ मध्ये स्पेनच्या शासनाने मठ बंद करून त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, तेव्हा परिसरातील लोकांनीच एस्कालादेईची लूट व मोडतोड केली. शतकानुशतके साचलेला रोषच त्यातून प्रकट झाला असे म्हणावे लागते. मठाच्या जमिनी पुढे लिलावात धनिकांच्या हाती गेल्या. सामंतशाही गेली, पण कसणाऱ्याला जमीन मिळाली असे मात्र झाले नाही. नाव तेवढे टिकले, इतकेच नव्हे तर पसरले. फाल्सेत हे गाव प्रिओरच्या नव्हे, तर प्रादेसच्या काउंटच्या अंमलाखाली होते. तरी आज तेही प्रिओरात प्रांतातच मोडते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. तेथील मागणीमुळे स्पॅनिश वाइनला काही काळ सुगीचे दिवस आले. हे सुख अल्पकाळ टिकले. १८९० च्या दशकात तीच कीड प्रिओरातमध्ये पोहोचली. कीड न लागणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलमे करून पुन्हा लागवड करणे हाच उपाय होता, आणि तो खर्च अनेकांना झेपणारा नव्हता. पायऱ्यापायऱ्यांची शेते ओस पडली. कुणी रेऊस व बार्सेलोनाकडे गेले, कुणी बेल्मुंतच्या शिशाच्या खाणीत उतरले. ती खाण १९७२ पर्यंत चालू होती. जे राहिले त्यांनी गार्नाचा व कारिन्येना या वाणांच्या वेली जगवल्या. त्यांची दाट वाइन सहकारी संस्थांमार्फत ठोक भावाने, इतर प्रदेशांतील फिक्या वाइनमध्ये मिसळण्यासाठी जात असे. १९५४ मध्ये प्रदेशास अधिकृत उगमस्थान-दर्जा मिळाला, तरी स्थलांतर थांबले नाही.

१९८९ मध्ये रने बार्बिए, आल्वारो पालासिओस, जुझेप लुईस पेरेस, कार्लेस पास्त्राना आणि दाफ्ने ग्लोरिआँ यांनी ग्रातायोप्स येथे एकत्रितपणे वाइन तयार करून ती स्वतंत्र नावांनी विकली. प्रिओरातचा इतिहास अनेक लेखक येथूनच सुरू करतात. तसे करणे न्याय्य नाही. एस्कालादेई गावातून १९७० च्या दशकातच बाटलीबंद वाइन निघू लागली होती, आणि पेरेस तर फाल्सेतच्या मद्यविद्या शाळेत अध्यापन करीत होते. या गटाचे मोल वेगळे आहे. ठोक भावात जाणाऱ्या द्राक्षांना त्यांनी गावाचे व मळ्याचे नाव दिले. त्यांनी काबेर्ने सोव्हिन्यों, सिरा हे फ्रेंच वाणही लावले. मात्र पुढे सर्वाधिक प्रतिष्ठा लाभली ती जुन्या गार्नाचा व कारिन्येनालाच. २००० मध्ये कातालान शासनाने प्रदेशास सर्वोच्च दर्जा दिला; तो दर्जा यापूर्वी केवळ रिओहाला, १९९१ मध्ये, मिळाला होता.

येथे एक विपर्यास नोंदवावासा वाटतो. आज ज्या जुन्या वेलींच्या द्राक्षांना मोठा भाव मिळतो, त्या टिकल्या दारिद्र्यामुळे. त्या उपटून नवी, भरघोस पीक देणारी लागवड करण्याएवढे भांडवल गावकऱ्यांकडे असते, तर त्यांपैकी किती उरल्या असत्या? ज्यांनी त्या लावल्या त्यांच्यापैकी बहुतेकांना हा भाव पाहावयास मिळाला नाही. २००९ पासून बाटलीवर गावाचे नाव छापण्याची तरतूद झाली. पुढे १९४५ पूर्वी लावलेल्या वेलींची वेगळी वर्गवारीही करण्यात आली. पोरेरा, तोरोजा, ग्रातायोप्स ही एकेकाळी मठाला वाटा देणाऱ्या गावांची नावे आता बाटल्यांवर छापली जातात. वेली लावणाऱ्यांची नावे मात्र कोठे आढळत नाहीत.