रेव्हरंड ना. वा. टिळक यांची ख्रिस्तशिष्यत्वाची संकल्पना : एक पुनर्विचार

प्रस्तावना :
मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस येणाऱ्या आज्ञेत शिष्य करणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकवण देणे या तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातील मिशनकार्यात मात्र यशाचे मोजमाप प्रामुख्याने बाप्तिस्म्यांच्या संख्येवरून होत असे. महाराष्ट्रात या मोजमापाला आतून आव्हान देणारी व्यक्ती म्हणून नारायण वामन टिळक (1861-1919) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. टिळकांनी शिष्यत्वाचा कोणता पर्याय मांडला आणि त्याच्या मर्यादा कोणत्या होत्या, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
अमेरिकन मराठी मिशनचे कार्य 1813 मध्ये मुंबईत सुरू झाले आणि 1831 पासून अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे त्याचे प्रमुख केंद्र बनले. 1876-78 च्या दुष्काळानंतर त्या परिसरातील महार व मांग समाजातील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. शाळा, वसतिगृहे आणि पगारी उपदेशक यांची व्यवस्था विस्तारत गेली. तथापि या व्यवस्थेचा आर्थिक आधार परदेशी होता व निर्णयाचे अधिकारही मुख्यतः मिशनरींकडेच होते. त्यामुळे ख्रिस्ताचा अनुयायी होणे आणि मिशनचा आश्रित होणे यांतील सीमारेषा पुसट झाली.

टिळकांची भूमिका :
चित्पावन ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत त्यांच्या कुटुंबालाही मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मकथनात या काळाचे प्रत्ययकारी चित्रण आढळते. धर्मांतर म्हणजे स्वसमाजातून उच्चाटन, हे समीकरण टिळकांनी असे प्रत्यक्ष भोगले होते.

तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची धारणा होती. अहमदनगर भागात रूढ झालेले ख्रिस्ती कीर्तन त्यांनी पुढे नेले व अभंग आणि भजन ही उपासनेची माध्यमे समृद्ध केली. याचा अर्थ केवळ परकी आशयाला देशी वेष चढविणे असा नव्हता. वारकरी परंपरेत गुरूशी असणारे नाते सभासदत्वाच्या नोंदीवर अवलंबून नसते. ते सहवास, नामस्मरण आणि आचरण यांतून घडते. टिळकांच्या दृष्टीने ख्रिस्त हा असा गुरू होता.

1917 मध्ये मिशनची सेवा सोडून त्यांनी सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा बंधुभाव हे त्याचे सूत्र होते. 1919 मध्ये टिळकांचे निधन झाल्याने हा प्रयोग मूळ धरण्यापूर्वीच खुंटला. तथापि टिळकांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी 1922 मध्ये स्थापिलेल्या ख्रिस्त सेवा संघात भारतीय जीवनपद्धतीत शिष्यत्व रुजविण्याचा शोध पुढे चालू राहिला.

मूल्यमापन :
दरबाराच्या संकल्पनेकडे केवळ गौरवाच्या दृष्टीने पाहणे एकांगी ठरेल. बाप्तिस्म्याविना शिष्यत्व ही सवलत मुख्यतः ज्यांना स्वतःचे सामाजिक स्थान गमवावयाचे होते, अशा उच्चवर्णीयांच्या अडचणीवरील तोडगा होती. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले होते, त्यांच्यासाठी मंडळीचे सभासदत्व, शाळेतील प्रवेश आणि बदललेले नाव यांत माणूसपणाचा स्वीकार सामावलेला होता. त्यांच्या दृष्टीने बाप्तिस्मा हा भिंत नसून दार होते. उलटपक्षी, हे दार ओलांडल्यानंतरही मंडळीत जातिभेद शिल्लक राहिला, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. म्हणजेच केवळ नोंदीने शिष्य घडत नाही, हा टिळकांचा आक्षेप येथेही लागू पडतो.

निष्कर्ष :
टिळकांनी बाप्तिस्म्याचे महत्त्व नाकारले नाही. संख्येला शिष्यत्व मानण्यास नकार दिला. मात्र अंतःकरणातील निष्ठेला समतेच्या दृश्य व्यवहाराची जोड नसेल, तर ती निष्ठा व्यक्तिगत भक्तीपुरती उरते. टिळकांचा गुरुशिष्यभाव आणि दलित ख्रिस्ती समाजाची सन्मानाची अपेक्षा ही दोन्ही सूत्रे एकत्र वाचली, तरच महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातील शिष्यत्वाचा प्रश्न त्याच्या खऱ्या स्वरूपात समजू शकतो.