रिसोडची हवा आणि पाण्यातला ऑक्सिजन

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन डोळ्यांना दिसत नाही. तो संपला की मासे मरतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. मग तो मोजायचा कसा?

१८८८ मध्ये बुडापेस्टच्या लायोश विंकलर यांनी रीत शोधली. नमुन्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कली टाकायचं. ऑक्सिजन असला की तपकिरी साका बसतो. मग आयोडीन मोकळं करून थेंबाथेंबानं मोजायचं. रीत पक्की, पण वेळखाऊ.

१९५६ मध्ये अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी, रक्तातला ऑक्सिजन मोजायला, प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यामागे इलेक्ट्रोड बसवल्याचं जाहीर केलं. तोच पुढे नद्या-तळ्यांत उतरला. ट्रान्समीटर त्याचा बारीक करंट वाचून आकडा पाठवतो. पण पडदा मळतो, आकडा सरकतो. म्हणून कॅलिब्रेशन: शून्यासाठी सोडियम सल्फाइटचं द्रावण, वरच्या टोकासाठी ओलसर हवा.

आता रिसोड बघा. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर उंच, म्हणजे हवेचा दाब कमी. २५ अंशांना मुंबईत लिटरभर गोडं पाणी सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, इथं ७.८ च्या आसपास. रिसोडात कॅलिब्रेट करताना मीटरमध्ये मुंबईचा दाब भरला, तर आकडा फुगतो आणि गुदमरणारं पाणी ठीक वाटतं. लोणारच्या खाऱ्या सरोवरात गोड्या पाण्याचा हिशेब लावला, तरी तेच.

शंका आली की प्रयोगशाळा आजही विंकलरच्या बाटलीलाच विचारते!