आरी, रापी आणि १०८ टाके

बेसबॉल आपल्या हिंगोलीत कुणी फारसं खेळत नाही. पण त्या चेंडूची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांच्या चेंडूवर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात, अन् ते आजही माणूस हातानेच घालतो. यंत्रं करून पाहिली, पण जमलं नाही.

क्रिकेटच्या भारी चेंडूचंही तेच. आत बूच, त्यावर घट्ट गुंडाळलेलं सूत, वर कातडं आणि मधोमध शिवणीच्या सहा ओळी. चेंडू लाकडी शिकंज्यात धरायचा, आरीने भोक पाडायचं, दोन्हीकडून दोरा ओढायचा. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर मेरठ-जालंधरला आले, तेव्हापासून हा धंदा तिकडे रुजला.

आता ही आरी काय परदेशी आहे का? बसस्टँडजवळ चपला शिवणाऱ्या काकांच्या पेटीत बघा. आरी, कातडं कापायची रापी, लाकडी कळबूत. मराठवाड्यातल्या विहिरींवर मोट चालायची ती याच हत्यारांच्या जिवावर. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं, त्याची मोट. ती फाटली की चांभाराला बोलावणं जायचं. मोबदला म्हणून खळ्यावर बलुतं. त्याच्या टाक्यावर अख्ख्या मळ्याचं पाणी अवलंबून, पण त्याचं घर मात्र गावकुसाच्या कडेला.

मैदानावरही वेगळं नव्हतं. चर्मकार समाजातले पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात १०० हून जास्त बळी घेतले. त्याआधी पुण्यात त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकणारे सहकारी त्यांना चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात द्यायचे. कातड्याचा चेंडू चालायचा, कातड्याचं काम करणाऱ्या जातीतला माणूस पंगतीला चालत नव्हता.

पुढे इंजिन आलं, विजेचा पंप आला, मोट गेली. तयार चपला आल्या. पोरं शिकली, दुसऱ्या कामाला लागली, हे चांगलंच झालं. त्या धंद्यातली लाचारी कुणालाच परत नको. पण हत्यारं भंगारात किलोवर जातात, तेव्हा त्यांच्यासोबत नावं अन् हातातलं कसबही जातं. राजांच्या तलवारींना काचेची पेटी मिळते, रापीला कुठे मिळते?

एकच विनंती. तुमच्या गावात अशी जुनी हत्यारं असतील तर त्या घरी जा, बसा, रीतसर विचारून फोटो काढा. प्रत्येक हत्याराचं नाव आणि उपयोग त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. अन् खाली कमेंटमध्ये टाका. गावाचा इतिहास फक्त पाटलाच्या वाड्यात नसतो.