वळिवडे ते गांधीनगर: एका छावणीत दोनदा आलेले निर्वासित

लहानपणी दिवाळी जवळ आली की आई आम्हाला कपडे घ्यायला गांधीनगरला न्यायची. कोल्हापूरकरांसाठी गांधीनगर म्हणजे होलसेल कापड, बस्स. ही पेठ एका निर्वासित छावणीच्या जागेवर उभी आहे, हे मला बी.टेक. होईपर्यंत माहीत नव्हतं. आणि तिथे निर्वासित एकदा नाही, दोनदा आले.

पहिले आले १९४३ मध्ये. सोव्हिएत राजवटीने सैबेरियाकडे हाकललेले पोलिश लोक सुटका झाल्यावर इराणमार्गे भारतात पोहोचले. त्यातले सुमारे ५,००० जण, बहुतेक बायका आणि मुलं, वळिवड्याच्या बराकींत राहिले. शाळा, दवाखाना, चर्च, सगळं त्यांचं वेगळं. शिक्षणही पोलिश भाषेत. कारण साधं होतं: युद्ध संपलं की घरी जायचंय. तसं झालं नाही. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आली, आणि १९४८ पर्यंत छावणी रिकामी होताना बरेच जण ब्रिटनसारख्या परक्या देशांत गेले. कोल्हापुरात त्यांची आठवण आहे, महावीर उद्यानात स्मारक आहे. पण गावाशी सामाईक असं मागे काही उरलं नाही.

फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी कुटुंबं आली. यांना तर परत जायला घरच नव्हतं. वस्तीचं गांधीनगर झालं, ग्रामपंचायत आली, निर्वासित मतदार झाले. आज गांधीनगर आणि आजूबाजूच्या गावांची नळपाणी योजना एकच आहे. नळाला पाणी आलं नाही, तर सिंधी दुकानदार आणि शेजारचा शेतकरी, दोघांनाही एकाच दारात तक्रार करावी लागते. मला ही तक्रार फार मोलाची वाटते. पाहुणा पाण्यावरून भांडत नाही, शेजारी भांडतो.

आमच्या कामात 'टेम्पररी' म्हणून लिहिलेला कोड दहा-दहा वर्षं चालतो. छावण्यांचंही तसंच होतं. म्हणून आज युगांडासारखा देश निर्वासितांसाठी शाळा-दवाखाने काढताना शेजारच्या गावकऱ्यांनाही त्यात वाटा देतो. गावाला वाटतं, हे आले आणि आपल्यालाही डॉक्टर मिळाला. नाहीतर 'त्यांना सगळं, आम्हाला काय?' हा प्रश्न ठरलेलाच.

तुमच्या गावाजवळ अशी 'कॅम्प' नावाची वस्ती असेल, तर तिथलं पहिलं सामाईक काय होतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. शाळा, विहीर की रेशन दुकान? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!