शेर, किलो आणि समुद्रावरचा धूर

पांढुर्णा आणि सौसर ही संत्र्यांची व कापसाची भूमी. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. त्याच १९५६ साली संसदेने वजनमापांचा कायदा केला आणि १९५८ पासून मण, शेर, छटाक टप्प्याटप्प्याने मागे पडून किलोग्रॅम बाजारात आला. पूर्वी गावोगावचा शेर निराळा असे. तो भेद मोडला, तेव्हा कोठे सौसरचा बागाईतदार आणि मुंबईचा व्यापारी एकाच मापाने बोलू लागले.

आज असाच प्रश्न मासळीविषयी उभा आहे. मासा ताटात येईपर्यंत हवेत किती कर्बवायू गेला, हे मोजायचे आहे. यालाच कार्बन पाऊलखूण म्हणतात. आपल्या वाचकांपैकी कित्येकांस मासळी वर्ज्य, तर कित्येकांच्या घरी ती नित्याची. परंतु मापातील न्याय दोघांनाही सारखाच प्रिय असावा.

या धुराचा इतिहास फार जुना नाही. १९५२ साली भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि केरळच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांचा प्रयोग सुरू झाला. शिडांच्या जागी हळूहळू डिझेल आले. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार, १९६१ मध्ये एक टन मासळीमागे ०.५० टन कर्बवायू सुटे. २०१० मध्ये तो १.०२ टन झाला. समुद्राचा तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरचा आकडा १.४३ टन, डोल, गळ इत्यादी साधने वापरणाऱ्या इतर यांत्रिक होड्यांचा ०.५६ ते १.०७ टन.

आता कोणी केवळ सरासरी धरली, तर काय होईल? भरती-ओहोटीच्या बळावर डोल जाळे भरू देणाऱ्या कोळ्याच्या बोंबलावरही ट्रॉलरच्या धुराचा बोजा पडेल. खोटे वजन वापरणाऱ्यास आपण दोष देतो. पण वजन खरे असूनही माप चुकीच्या ठिकाणी लावले, तर अन्याय तोच.

म्हणूनच प्रमाणमाप हवे. ब्रिटनने २०१२ साली मत्स्यपदार्थांसाठी असे नियम प्रसिद्ध केले, नॉर्वेने २०१३ साली, आणि २०२० साली पंखधारी माशांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आले. ज्या नॉर्वेने आपणांस यंत्र दिले, त्यानेच पुढे यंत्राचा हिशेब मांडावा, हा काळाचा महिमा होय. टन हा अख्ख्या माशाचा धरावा की खाण्याजोग्या मांसाचा, बर्फ व शीतगृहातून निसटणारा वायू मोजावा की नाही, हिशेब बंदरावर मिटवावा की बाजारापर्यंत न्यावा, हे आधी ठरल्याविना दोन आकड्यांची तुलना व्यर्थ आहे.

समुद्र पांढुर्ण्याहून शेकडो कोस दूर. येथवर ताजा मासा आणावयाचा, तर बर्फ आणि वाहन दोन्ही लागणार. उन्हात वाळवलेल्या सुकटीस बर्फ लागत नाही. बंदरावर हिशेब संपवला, तर हा फरक दिसणारच नाही. शेर जाऊन किलो आला, तो गिऱ्हाईक व विक्रेता या दोघांच्याही हितासाठी. हे नवे मापही तसेच यावे: दर्यावरच्या गरिबास न बुडवता, आणि धूर कोणाचा हे न लपवता.